आमच्या सुपारीचा उंट

ठाण्यात त्या काळी खरा उंट कोणी पाहिलेला नव्हता, निदान आमच्या आळीत तरी नाही, आणि तरीही सगळं गाव आम्हाला उंटवाले म्हणायचं. मी तळ्यावर धुणं घेऊन गेले की बायका म्हणायच्या, "आली गं उंटवाल्यांची बयो, सरका." मला राग यायचा. माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, ते मसाल्याची सुपारी करून विकायचे, आणि त्या सुपारीच्या पुडीवर उंटाचं चित्र असायचं, एवढाच आमचा न् उंटाचा संबंध. तो तरी कसा आला म्हणाल, तर अप्पा पहिल्यांदा पुडीचे कागद छापून आणायला मुंबईच्या शिळाछापखान्यात गेले, तेव्हा त्यांच्या मनात मोर होता. छापखानेवाला म्हणाला, मोर काढायला महिना लागेल, पण एका खजूरवाल्यासाठी काढलेला उंट शिळेवर तयार आहे, खजूरवाला काही फिरकला नाही, तुम्ही न्या, स्वस्तात देतो. अप्पा उंट घेऊन घरी आले. आई त्या कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, आपण कोकणातली माणसं. निदान बैल तरी आणायचा."

पण उंट लाभला. आमचं घर नौपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं, कौलारू, दोन खणांचं आणि मागे पडवी. त्या पडवीत सगळा कारखाना. श्रीवर्धनाकडची सुपारी मचव्यातून खाडीने कोलशेतला यायची आणि तिथून बैलगाडीने घरी. पहाटे अप्पा अडकित्ता घेऊन बसले की कर्र कट, कर्र कट असा आवाज सुरू व्हायचा तो जेवणापर्यंत. त्या आवाजाशिवाय मला पुढे कितीतरी दिवस सासरी झोप लागली नाही. खांडं झाली की आत्या ती लोखंडी कढईत साजूक तुपावर परतायची. मग त्यात लवंग, वेलदोडा, जायपत्री, भाजलेली बडीशेप, किसून भाजलेलं खोबरं, आणि शेवटी केशराचं पाणी. वास असा सुटायचा की रस्त्याने जाणारी माणसं उगाचच चप्पल नीट करायला आमच्या दारात थांबायची. आमच्या भाताला सुपारीचा वास, अंथरुणाला सुपारीचा वास, मला शाळेत घालायला अप्पांनी घेतलेल्या पुस्तकाला सुपारीचा वास. पंतोजीण बाईंनी एकदा ते पुस्तक नाकाशी धरून डोळे मिटले होते. त्यांनी मला त्या दिवशी काहीच शिकवलं नाही.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, अंगाने किरकोळ, आणि तोंडाने अशी की आळीतले पुरुष तिच्यासमोर खाली मान घालून जात. ती डावखुरी होती. देवाधर्माचं, वाढायचं, सगळं शुभाचं ती निमूटपणे उजव्या हाताने करायची, पण पुड्या बांधताना तिचा डावाच हात चालायचा. त्याला कोणी हरकत घेतली तर म्हणायची, "दोऱ्याला कुठे विटाळ होतोय?" पुड्या बांधायचं काम आम्हा बायकांचं. उंटाच्या कागदात सुपारी भरायची, तोंड आत दुमडायचं, लाल दोरा फिरवायचा आणि गाठ उंटाच्या पायाखाली आणायची. आईला, मला, मदतीला येणाऱ्या शेजारणींना, सगळ्यांना हे आत्यानेच शिकवलेलं, त्यामुळे आम्हा सगळ्यांची गाठ डावी पडायची. जगातल्या सगळ्या पुड्यांच्या गाठी एकीकडे आणि आमची दुसरीकडे. मला त्याचं काहीच वाटत नसे. गाठ मारायची तर अशीच मारतात, असं मी धरून चालले होते.

हळूहळू आमचा उंट ठाण्याबाहेर पडला. मुंब्रा, कल्याण, पार खडवलीपर्यंत दुकानात पुड्या लटकू लागल्या. लिहिता-वाचता न येणारी माणसंसुद्धा दुकानात जाऊन "उंट दे" म्हणायची. तेव्हा अप्पांचे स्नेही दाजीसाहेब वकील एकदा पडवीत सुपारी चघळत म्हणाले, "अप्पा, हे सोनं उघड्यावर ठेवू नका. रजिस्टर करून घ्या." अप्पांनी तसं केलं. हा छाप आमचा, इतकी वर्षं आम्हीच वापरतो, असं प्रतिज्ञेवर लिहून दिलं, पुडीचा कागद त्याला जोडला, कचेरीचा शिक्का घेतला आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. त्या दिवशी घरी श्रीखंड झालं. अप्पांनी उंटाचा कागद देवघरात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. आत्या म्हणाली, "पोरांची नावं सरकारदरबारी नाहीत, उंटाचं आहे. बारसंच केलंस म्हण की." आम्ही खूप हसलो. अप्पाही हसले, पण त्यांनी तो कागद दिवसभर तिथून हलवू दिला नाही.

माझा धाकटा नातू हल्ली मुंबईला वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करतो. तो परवा सांगत होता की आता छापांसाठी वेगळा कायदा झाला, वेगळी कचेरी निघायची. मी म्हटलं, बरं झालं, आमच्या वेळी सगळी राखण घरच्याघरी करावी लागे. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

थट्टा नव्हे. एक दिवस पेठेतले एक म्हातारे गृहस्थ तरातरा आमच्या अंगणात आले आणि त्यांनी रुमाल उघडून अप्पांपुढे धरला. त्यात त्यांचा दात होता. "तुमच्या सुपारीने पडला," ते म्हणाले. "सुपारी करता की गोटे?" अप्पांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, उरलेली पुडी मागून घेतली. वर आमचाच उंट, गळ्यातल्या घंटेसकट. आत मात्र सुपारी नव्हतीच. खारकेच्या बिया फोडून, काथात रंगवून, वर भरपूर कापूर मारलेला. अप्पा बराच वेळ त्या बिया तळहातावर हलवत बसले. त्याच आठवड्यात मीठ विकायला येणारी बारकीबाय आगरीण दारातूनच ओरडली, "ओ अप्पा, कल्यानच्या बाजारान तुमचा उंट निम्म्यान मिलतंय! तुमी मना कनाला फसवतांव?" म्हणजे नकलेचा उगम कुठे होता तेही कळलं. कल्याणच्या एका व्यापाऱ्याचा हा उद्योग होता. त्याचं नाव मी या कागदावर येऊ देणार नाही. आमच्या घरात त्याला खारकवाला म्हणत, मीही तेच म्हणेन.

अप्पा दाजीसाहेबांकडे गेले. दाजीसाहेबांनी विचारलं, "तुमच्या हातातली पुडी त्याच्याच दुकानातली, हे सांगणारा साक्षीदार आहे? खरी समजून त्याच्याकडून घेतली आणि फसलो, असं कोर्टात उभं राहून सांगणारा?" दात पडलेले गृहस्थ कोर्टाचं नाव काढताच पुन्हा आमच्याकडे फिरकले नाहीत. बारकीबाय म्हणाली, "मना नको बा कोरट." तेव्हा दाजीसाहेबांनी अप्पांना बजावलं की साक्षीदार मिळेपर्यंत एक गोष्ट सांभाळा. नक्कल जिथे दिसेल तिथे, तिथल्या तिथे, चार माणसांत हरकत घ्या. एकदा का तुम्ही नकली पुडी डोळ्यांनी पाहिली आणि गप्प बसलात, की उद्या तो कोर्टात म्हणणार, यांनी पाहिलं, यांना चाललं. मग रजिस्टर करूनही उपयोग नाही.

अप्पांनी हे घरी येऊन आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, आणि तेव्हापासून आमच्या घराचं सोवळंओवळं एका नव्या गोष्टीने वाढलं. हळदीकुंकवाला जा, बारशाला जा, कुणाच्या दुखवट्याला जा, विड्याचं तबक पुढे आलं की पुडी उलटी करून गाठ बघायची. खारकवाल्याने कागद हुबेहूब केला होता, पण गाठ त्याची माणसं चारचौघांसारखी उजव्या हाताने मारत. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी मला कळायचं. आणि कळलं की मोठ्याने म्हणायचं, "ही आमची नव्हे." आईला फार लाज वाटायची. ती कुजबुजल्यासारखं म्हणायची आणि पदर तोंडावर घ्यायची. आत्या मात्र तबक हातातून घेऊन सगळ्या बायकांना बियांवर व्याख्यान द्यायची. मी आत्याच्या वळणावर गेले. एका लग्नात मी इतक्या जोरात म्हटलं की मंगलाष्टकं म्हणणारे भटजी थांबले. अप्पांनी घरी आल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा हात पाठीवर पडणं ही आमच्या घरात मोठी बक्षिशी होती.

अशातच माझं लग्न ठरलं. मला बारावं सरत आलं होतं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने मी घोडनवरीच. आई काळजीने खंगली होती, दोन ठिकाणांहून नकार आलेला, एका ठिकाणी तर सरळ म्हणाले, मुलगी फार बोलते. त्यानंतर कल्याणचं हे स्थळ आलं. मुलगा इंग्रजी शाळेत शिकणारा, त्याचे वडील कचेरीत शिरस्तेदार, म्हणजे माझे मामंजी. उंच, धिप्पाड, आवाज असा की ओसरीवर बोलले तर विहिरीवर ऐकू यावं. मला बघायला आले तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "सुपारी तू बांधतेस?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "झालं तर. पसंत." ते अप्पांच्या सुपारीचे जुने भक्त होते. आई त्या रात्री देवापुढून उठेना. पण शिरस्तेदार रागीट म्हणूनही तितकेच ठाऊक होते. मानपानावरून त्यांनी आपल्या थोरल्या मेहुण्याशी बारा वर्षं अबोला धरला होता. त्यामुळे लग्न लागेपर्यंत, लागल्यावरही, कुणी तोंडातून वेडावाकडा शब्द काढायचा नाही, अशी आईने घरभर ताकीद दिली. माझ्याकडे बघून तिने ती दोनदा दिली.

लग्न खरं तर मुलीच्या दारी व्हायचं. पण आमच्या अंगणात पोती, कढया आणि वाळत घातलेली सुपारी. मामंजींनी स्वतःहून सांगितलं की मांडव कल्याणला आमच्या वाडीत घालू, तुम्ही नुसते या. वैशाख होता. आम्ही आगगाडीने कल्याणला उतरलो, आत्याने स्वतःचा सुपारीचा डबा कडेवर धरलेला, पोर धरावं तसा. लग्न लागलं, सप्तपदी झाली, आणि दुपारी पंगत बसली. अळूची भाजी, मसालेभात, जिलब्या, मठ्ठा, आणि नवरानवरीच्या पानात साखरभात. चौरंगावर चांदीची समई. मी मान खाली घालून पाटावर बसले होते, कारण नवरीने मान वर करायची नसते, त्यामुळे मला माझं पान, माझ्या शालूचे काठ आणि पानाशेजारी ठेवलेला विडा एवढंच दिसत होतं. त्या विड्यापाशी उंटाची पुडी होती. मला बरं वाटलं. परक्या घरी आपलं माणूस भेटावं तसं. मी शालूच्या आडोशाने ती हातात घेतली आणि सवयीने गाठीवरून अंगठा फिरवला.

गाठ उजवी होती.

मी पुडी पदराखाली सोडली आणि एक खांड जिभेवर टाकलं. खारकेची बी. मान न हलवता जितकं दिसेल तितकं मी डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाहिलं. सबंध पंगतीत, प्रत्येक पानाशी एक पुडी. नंतर मला कळलं ते असं. मामंजींना वाटलं, व्याह्यांची एवढी नावाजलेली सुपारी, ती पंगतीला असलीच पाहिजे. पण त्यांच्याकडे मागावी तर ते पैसे घेणार नाहीत, म्हणजे मुलीच्या बापाकडून काही उपटल्यासारखं होईल. म्हणून त्यांनी गुपचूप बाजारातून रोकड देऊन सगळी सुपारी विकत घेतली, व्याह्यांना चकित करावं म्हणून. अशी चूक करायला माणूस मनाने मोठाच लागतो. आणि घेतली कुणाकडून, तर खारकवाल्याकडून, ज्याच्याशी त्यांचा नेहमीचा व्यवहार होता आणि जो आमंत्रण घेऊन पंगतीत, अगदी माझ्या समोरच्या ओळीत, रेशमी पागोटं घालून बसला होता.

अप्पा तुपाची वाटी घेऊन आग्रह करत फिरत होते. मुलीच्या बापाचं ते कामच. खारकवाल्यापाशी ते आले तेव्हा त्याने पानावर आडवा हात धरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तूप पुरे, अप्पाशेट. पण तुमची सुपारी काय झकास आहे हो! तुमचीच ना ही?" त्याने पुडी वर धरली.  तो हे मुद्दाम विचारत होता. कल्याणची सगळी प्रतिष्ठित मंडळी बसलेली, मामलेदार कचेरीतली, बाजारातली. अप्पांनी नाही म्हटलं तर शिरस्तेदारांनी पंगतीला खोटा माल वाढला असं व्याह्याच्या तोंडून भर मांडवात झालं. हो म्हटलं तर उंट गेला. पंधरा वर्षांचं काम, आत्याचे तुपात भाजलेले हात, रजिस्टर, सगळं. मला अप्पांची फक्त पावलं दिसत होती. ती पावलं तिथेच थांबली. मग अप्पा म्हणाले, "हं. घ्या, थोडं तूप घ्या." आणि पुढे सरकले.

आयुष्यात पुढे मी पुष्कळ दुःख पाहिलं, माणसं गेली, पण त्या "हं"ने झालेला कोंडमारा मला आजही तसाच आठवतो. अप्पांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. पायाला काटा लागला तरी माणूस त्यापेक्षा जोरात बोलतो.

तेवढ्यात बायकांनी गलका केला, "घास द्या, घास द्या! नवरीने नाव घ्यायचं!" नवऱ्याला घास भरवताना उखाण्यात त्याचं नाव घ्यायचं, आणि तेवढ्यापुरतं नवरीने सगळ्यांदेखत मोठ्याने बोलायचं, ही तर रीतच. लग्नाच्या सबंध दिवसात माझं तोंड उघडायची सगळ्यांना मुभा असलेली ती एकच वेळ. आईने मला एक साधा उखाणा पाठ करून दिला होता, त्यात महादेव आणि बेलाचं पान होतं. मी साखरभाताचा घास उचलला. महादेव मला आठवला नाही असं म्हणता येणार नाही. तो आठवत होता. पण तोंडातून निघालं ते हे:

"चांदीची समई, तुपाची वात,
पुडीला या लागला नाही आमच्या आत्याचा हात,
आत खारकेची बी, सुपारी नाही त्यात,
नारायणरावांना देते घास साखरभात."

आणि घास दिला. ह्यांनी तो बिचाऱ्यांनी खाल्लासुद्धा. बाकी पंगतीत हात जिथल्या तिथे राहिले. बायकांमधून आईचं "अगं बाई" एवढं ऐकू आलं. मग मामंजींचा आवाज आला, आणि तो नेहमीपेक्षा बराच खाली होता. "अप्पासाहेब, काय म्हणते आहे ही?"

अप्पा तूप वाढायचं सोडून मध्ये येऊन उभे राहिले. आता मी मान वर केली होती, रीत गेली खड्ड्यात. मला वाटलं, बोलतील आता. मी वाट मोकळी करून दिली होती, आता फक्त "खरं आहे" म्हणायचं होतं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मामंजींच्या कपाळावर चढलेली शीर पाहिली, आणि हात जोडले. "पोर आहे," ते म्हणाले. "घोकून ठेवलेलं विसरली, काहीतरी बरळली. पुडी आमचीच आहे. सगळ्या पुड्या आमच्याच आहेत. तिला पदरात घ्या."

खारकवाल्याने समाधानाने जिलबी मोडली. मी तो आवाजही ऐकला.

मामंजी उठले. यजमान पंगतीतून अर्ध्यावर उठला म्हणून माणसं दचकली. त्यांनी माझ्या पानाजवळची फोडलेली पुडी घेतली, दोन खांडं तोंडात टाकली आणि चावली. इतकी वर्षं अप्पांची सुपारी खाल्लेला माणूस तो. बराच वेळ ते चावत राहिले. मग माझ्यासमोर खाली वाकून, ज्या आवाजात लहान मुलांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, बाप म्हणतो आमची, तू म्हणतेस नव्हे. मी कुणाचं ऐकू?"

मी म्हटलं, "अप्पा कधी खोटं बोलत नाहीत." आणि मला रडू फुटलं. "आज बोलले."

मामंजींनी बी हातावर काढली. खारकवाला उठायला लागला होता. त्याच्याकडे न बघताच ते गरजले, "बसा! माझ्या पंगतीतून मी कुणाला उपाशी उठवत नाही. पोटभर जेवा. पुढचं आपण कचेरीत बोलू." मग पानापानाशी जाऊन त्यांनी स्वतः पुड्या गोळा केल्या, एवढा मोठा माणूस, रेशमी कद नेसलेला, ओंजळी भरभरून. आत्याला डबा उघडायला कुणी सांगावं लागलं नाही. ती पंगतीतून वाढत सुटली, आणि त्या दिवशी वाढताना तिने डावा हात वापरला तरी कुणी चकार शब्द काढला नाही. डबा काही सगळ्यांना पुरला नाही. शेवटच्या ओळीला नुसता बडीशेपेचा चुरा मिळाला, तोही लोकांनी मागून घेतला.

दाजीसाहेबांना हवा होता तसा साक्षीदार आता मिळाला, आणि तो शिरस्तेदार निघाला. मामंजींनीच सांगितलं, मी खरी समजून घेतली, मी फसलो, मी कोर्टात उभा राहतो. ठाण्याच्या कोर्टात फिर्याद गुदरली. मी रीतीप्रमाणे माहेरी परत आले होते, आणि त्या दिवसांत अप्पांशी माझं धड बोलणं झालं नाही. ते अडकित्ता घेऊन बसत आणि मी समोर पुड्या बांधत बसे. मांडवातला विषय दोघेही काढत नसू. श्रावणात मला मंगळागौरीसाठी सासरी नेलं, आणि फिर्यादीची सुनावणी नेमकी तेव्हाच लागली. मामंजी सकाळच्या गाडीने ठाण्याला गेले. घरात मंगळागौरीची आरास चालली होती, पत्री निवडायची होती, पण माझं लक्ष दाराकडे.

दिवेलागणीच्या आधी ते आले. पाय धुतले, ओसरीवर बसले, आणि त्यांनी मला हाक मारून समोर बसायला सांगितलं. त्या घरात सून सासऱ्यासमोर बसत नसे. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जिंकलो," ते म्हणाले. "त्याला दंड झाला, छापायची शिळा फोडून टाकायचा हुकूम झाला. पण ते राहू दे. तुला दुसरंच सांगायचं आहे. माझी साक्ष झाली, ती ठीक. मग अप्पासाहेब पिंजऱ्यात उभे राहिले. खारकवाल्याचा वकील मुंबईचा, मोठा तयारीचा. त्याने विचारलं, 'लग्नाच्या मांडवात, भर पंगतीत, या पुड्या आमच्याच आहेत असं तुम्ही हात जोडून म्हणालात की नाही?' अप्पासाहेब म्हणाले, 'म्हणालो.' आमचे दाजीसाहेब डोक्याला हात लावून बसले. मला वाटलं, संपलं. मग तो वकील कोर्टाकडे वळून म्हणाला, 'आज शपथेवर म्हणता, त्या तुमच्या नव्हेत. मग खोटं कधी बोललात? तेव्हा की आता?'"

 मामंजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"अप्पासाहेब म्हणाले, 'तेव्हा.' वकील म्हणाला, 'का?'"

मी पदराच्या टोकाला गाठ मारत होते, डावी. 

"म्हणाले, 'उंट गेला तर मी दुसरा छाप काढीन साहेब. मांडवात माझी मुलगी बसली होती.'" मामंजींचा तो विहिरीपर्यंत जाणारा आवाज मधेच फुटला. "सूनबाई, त्यानंतर त्या वकिलाने एकही प्रश्न विचारला नाही."